चुकून आलेली सवाष्ण

महालक्ष्म्या बसायला दहा दिवस उरले असताना मी औषधांच्या दुकानातून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांचे पाकीट आणले आणि देवघराच्या खणात, वातींच्या डब्याखाली ठेवून दिले. हे एवढे एक वाक्य कागदावर उतरवायला मला दोन वर्षे लागली. अशा गोष्टी आमच्या वयाच्या बायका बोलत नाहीत, लिहिणे तर दूरच राहिले. त्यातून मी स्वभावानेच मागच्या बाकावरची. नागपूरला संस्कृत घेऊन एम.ए. करीत असताना उत्तर येत असूनही मी कधी हात वर केल्याचे आठवत नाही. आज पन्नाशी ओलांडल्यावर प्रथमच काही लिहावयास बसले आहे, तेव्हा वाक्ये अडखळली तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. जे घडले ते जसेच्या तसे सांगण्याचा प्रयत्न करते. त्याचा अर्थ लावण्याइतकी माझी योग्यता नाही.

त्या वर्षी आमच्या घरावर एकामागून एक प्रसंग आले. चैत्रात यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. हे येथे दिग्रसला शाळेत गणित शिकवीत. निवृत्तीला तीन वर्षे उरली असताना एके दिवशी फळ्यासमोरच छातीत दुखू लागले. नागपूरचा दवाखाना आटोपून घरी आलो, जरा स्थिरस्थावर झालो, तो ज्येष्ठात सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. मुलगी पुण्याला नोकरीवर. येऊ का, असे ती रोज विचारी आणि मी रोज तिला नको म्हणून सांगे. एका खोलीत यांच्या गोळ्यांचे वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेले, दुसऱ्या खोलीत सासूबाईंचा चार पायांचा वॉकर, आणि मधल्या पडवीत मी. दोघांची पथ्ये निराळी, दोघांच्या झोपेच्या वेळा निराळ्या. भेटायला येणारी मंडळी यांची विचारपूस करीत, सासूबाईंची करीत आणि जाताना मला म्हणत, "तुम्ही आहात म्हणून घर उभं आहे हो." मला ते ऐकून बरे वाटे. खरे सांगायचे तर फारच बरे वाटे. त्या एका वाक्यावर मी चार महिने काढले.

त्याच चार महिन्यांत माझी पाळी बिघडली. कधी पंधरा दिवसांनी, कधी आठ-आठ दिवस, आणि इतका रक्तस्राव की दुपारी जरा आडवे व्हायचे तरी चादरीवर जुने लुगडे अंथरावे लागे. या वयात असे होतेच, अशी मी स्वतःची समजूत घातली. दोन पायऱ्या चढले की छाती धडधडे, कानात शिट्टी वाजल्यासारखे होई. तेही जागरणावर ढकलले. आणखी एक गोष्ट होती, जी मी कुणालाही सांगितली नव्हती, सांगण्यासारखी ती नव्हतीच. मला कच्चे तांदूळ खावेसे वाटत. प्रथम निवडताना एखादा दाणा तोंडात टाकी, मग चिमूट, मग मूठ. सुशिक्षित, शेजाऱ्यापाजाऱ्यांत शहाणी म्हणून नाव असलेली मी, कोठीच्या खोलीत दाराआड उभी राहून उंदरासारखे तांदूळ खात होते. महालक्ष्म्यांसमोर रास घालायला वेगळे काढून ठेवलेले तांदूळ होते, त्यांतलेही मी सोडले नाहीत. दर वेळी डब्याचे झाकण लावताना मनातल्या मनात क्षमा मागे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा झाकण उघडे.

देवावरचा माझा विश्वास त्या दिवसांत कोणत्या अवस्थेत होता, हेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे. तो गेला नव्हता. नुसता थकला होता. चैत्रात मी देवीला यांच्यासाठी साकडे घातले तेव्हा डोळ्यांत पाणी होते. भाद्रपदापर्यंत माझी प्रार्थना दुधाच्या पिशवीचा निरोप लिहून ठेवावा तशी कोरडी झाली होती. ऐकणारे कुणी आहे का, अशी शंका दिवा लावतानाच मनात येई, आणि त्या शंकेची भरपाई म्हणून की काय, मी नेम अधिकच कडक करी. महालक्ष्म्या यंदा साधेपणाने करू, असे यांनी सुचवून पाहिले. मी ऐकले नाही. आमच्याकडे पितळी मुखवट्यांच्या ज्येष्ठा-कनिष्ठा तीन दिवस बसतात. मधल्या दिवशी पुरणपोळी, सोळा भाज्या, ज्वारीची आंबील, कढी, वडे असा महानैवेद्य होतो आणि एका सवाष्णीला देवी मानून जेवू घातल्यावाचून घरात कुणी घास घेत नाही. यात काहीही कमी पडू द्यायचे नाही आणि सगळे आपल्याच हातून, सोवळ्यात झाले पाहिजे, असा मी हट्टच धरला. त्या तीन दिवसांत पाळी आली तर सगळेच अडेल, म्हणून त्या गोळ्या. दुकानदाराने काही विचारले नाही. मीही काही सांगितले नाही. सणासुदीला त्या नेणारी मी काही एकटी नव्हते.

दर वर्षी येणारी आमची सवाष्ण त्या वर्षी मुलाकडे हैदराबादला गेली होती. सासूबाईंनी फोनवरून पुसदच्या आपल्या एका जुन्या मैत्रिणीला गळ घातली. मैत्रीण म्हणाली, माझ्या धाकट्या सुनेला, सविताला, पाठवते. सकाळच्या बसने निघेल, बारापर्यंत पोचेल. सविताला आमच्या घरात कुणीच पाहिलेले नव्हते. "घर कसं ओळखायचं?" असे तिकडून विचारले गेले, तेव्हा सासूबाई आपल्या ठसक्यात म्हणाल्या, "त्यात काय ओळखाचं हाये? गल्लीच्या तोंडापासून रांगोळीची पावलं काढलेली राहतीन. त्या पावलावर पाय देत ये म्हणा, सरळ देवीपुढंच निंघन." आमच्या कॉलनीत महालक्ष्म्यांची आणखीही घरे आहेत आणि पावले प्रत्येक दारात निघतात, हे कुणाच्या लक्षात आले नाही.

मधल्या दिवशी मी पहाटेच आंघोळ करून, सोवळ्याचे नेसून चुलीपुढे उभी राहिले. पाणी पिऊ नये, असे आमच्या घरी कुणीही कधी सांगितलेले नाही. तो नियम माझा मीच केलेला. साडेअकराला नैवेद्याचे ताट तयार झाले. मुखवट्यांवर हळद-कुंकू चढले होते, वर फुलोऱ्याच्या करंज्या दोऱ्यांना लोंबत होत्या, खोलीत झेंडू आणि पुरण यांचा मिळून एक वास भरला होता. सारे काही जसे हवे तसे होते. फक्त मला देवींची तोंडे नीट दिसत नव्हती. भोवती काळे ठिपके नाचत होते. मी भिंतीला हात लावून उभी राहिले आणि मनात म्हटले, आज संध्याकाळपर्यंत एवढे शरीर टिकव, मग काय करायचे ते कर. याला प्रार्थना म्हणावे का, मला सांगता येणार नाही.

बारा वाजून गेले आणि फाटक वाजले. दारात पस्तीस-चाळिशीची, ठेंगणी, हसऱ्या चेहऱ्याची बाई उभी होती. हिरव्या बांगड्या, कपाळावर मोठे कुंकू, हातात छत्री.

"महालक्ष्म्याचं घर हेच ना वो?"

"हेच हेच. या ना," मी म्हटले. "तुमचीच वाट पाहत होतो."

"उशीर झाला जराक. पावलं पाहत पाहत आली मी. कोणं तं तुमच्या पावलावरून गाडी नेली बापा, एक पाय लक्ष्मीचा अन् एक पाय टायरचा!"

आतून सासूबाई हसल्या. मला एवढेच वाटले की सविता बोलकी आहे, बरे झाले. बस कशी मिळाली, घरी सगळे कसे आहेत, असे काही मी विचारायला हवे होते. पण मला बोलायलाही दम पुरत नव्हता. तिला चौरंगावर बसवले, परातीत पाय ठेवायला सांगितले आणि पाय धुवायला मी वाकले. वाकलेली उठताना तोल गेला. तिने झटकन माझे मनगट धरले आणि नको इतका वेळ धरून ठेवले. माझ्या नखांकडे ती पाहत होती. मला वाटले, हळदीचे डाग पाहत असेल.

पान वाढले. हे उघड्या अंगावर उपरणे घेऊन, आपल्याला आता सर्व काही जमते हे दाखवायला कढीचे भांडे घेऊन उभे होते. सासूबाई खुर्चीवर, वॉकर पुढ्यात घेऊन सूत्रे हलवीत होत्या. मी आंबील वाढायला पुढे झाले, तेव्हा पाहुणीने ताटावर हात आडवा धरला.

"ताई, तुमचं पान कोठं हाये?"

"मी मागून बसते. तुम्ही सुरू करा."

"किती मागून?"

"संध्याकाळी... सगळ्यांचे झाले की."

"सकाळपासून काय खाल्लं?"

मी आंबिलीचा डाव पुन्हा भांड्यात ठेवला. तिने शांतपणे हात मांडीवर घेतले. "मंग मी बी मागून."

सासूबाईंचा वॉकर खणखणला. "अवो बाई, असं नाई करत! सवाष्ण उपाशी उठली तं आमच्या घराले दोष लागते. जेव माय, जेव."

"आजी, एक सांगा. आज सवाष्ण म्हंजे कोण?"

"कोण म्हंजे? साक्षात देवी."

"मंग देवीच म्हणून राह्यली ना, हिले माह्या बाजूले बसवा. तुमी देवीचं बी आयकत नाई काय?"

सासूबाईंनी एकदा मुखवट्यांकडे पाहिले, एकदा तिच्याकडे, आणि मग मुलावर तोफ डागली. "तू काय कढी घेऊन पुतळ्यासारखा उभा हायेस? टाक पाट! वाढ तिचं पान!"

यांनी पाट टाकला, पान मांडले आणि गणिताच्या मास्तरांना शोभेल अशा रीतीने पुरणपोळीचे चार समान भाग करून माझ्या ताटात ठेवले. मी बसले. सोवळ्याचे नेसून, सर्वांच्या आधी, देवीच्या समोर, सवाष्णीच्या शेजारी. लाजेने मला मान वर करवेना. पहिला घास पुरणाचा घेतला आणि दुसऱ्यापर्यंत जाण्याआधीच डोळ्यांतून पाणी गळू लागले. दुःखाचे म्हणावे तर तसे काही नव्हते. बहुधा ते भुकेचेच होते.

पाहुणीने कुणाला कळणार नाही अशा बेताने माझ्याकडे सरकून, जणू डोळ्यातले कुसळ पाहावे तशी, अंगठ्याने माझी खालची पापणी ओढली. मग कानाशी येऊन हळूच म्हणाली, "खरं सांगा ताई. कच्चे तांदूळ खाता काय?"

माझा हात ताटातच थांबला. त्या क्षणी मला जे वाटले ते लिहिताना आजही अंगावर काटा येतो. डब्याचे झाकण लावताना मी ज्या एकीची क्षमा मागत होते, तिच्यावाचून ही गोष्ट कुणालाही ठाऊक नव्हती. तांदूळ तिचेच होते. समोर दोन पितळी चेहरे शांतपणे पाहत होते आणि शेजारी पूर्वी कधी न पाहिलेली एक बाई वरणभात कालवीत तोच प्रश्न विचारीत होती. मी मान हलवून हो म्हटले.

"बरं. आता पोटभर जेवा. मंग मागं हात धुवाले जाऊ, तवा बोलू."

मागच्या अंगणात, नळाशी, तिने मला सगळे विचारले. किती दिवसांनी येते, किती जाते, चढताना दम लागतो का. कच्चे तांदूळ, माती, बर्फ खावासा वाटणे ही रक्त कमी झाल्याची खूण असते. पापणी आणि नखे तर पांढरीफटक दिसताहेत, असे ती म्हणाली. ती नर्स होती. नुकतीच बदली होऊन दिग्रसला आली होती. सविता नर्स आहे, शिवाय दिग्रसलाच असते, असे पुसदहून कुणी कळवले नव्हते, याचे मला ओझरते आश्चर्य वाटले. पण विचार करण्याची ती वेळ नव्हती, कारण तिने पुढचा प्रश्न विचारला होता.

"सणासाठी गोळ्या बी घेऊन राह्यल्या असान?"

मी गोळ्यांचेही सांगितले. ती रागावली नाही. ती बंजाऱ्यांच्या तांड्यावरची होती, लहानपणीच वडील गेलेली. म्हणाली, "माही याडी, माही माय म्हणते मी, अशीच होती. घरातल्या समद्याईले वाढाची अन् सोता पातेलं पुसून खायाची. एक दिवस पऱ्हाटीच्या वावरात पडली ते उठलीच नाई. बाटलीभर रक्ताचं काम होतं ताई, पण तिनं कोनाले सांगतलंच नाई." थोडे थांबून ती म्हणाली, "गोळ्या आपल्या मनानं घेतल्या, आता आपल्या मनानं बंद बी करू नका. उद्या सकाळी डॉक्टरीणबाईकडे मी सोता घेऊन जाते. पण घरात मी काई सांगणार नाई. ते तुमीच सांगाचं. आत्ता. उद्यावर टाकलं तं तुमी सांगत नाई, मी वळखली तुमाले."

नळापासून देवघरापर्यंत वीस पावले असतील. ती चालायला मला जितका वेळ लागला तितका एम.ए.च्या तोंडी परीक्षेच्या दारापाशीही लागला नव्हता. आत गेल्यावर मी सासूबाईंच्या खुर्चीपाशी खाली बसले. माझ्या सासूबाई कडक. वेगळे बसण्याचे चार दिवस त्यांनी आयुष्यभर पाळले आणि पाळून घेतले. यांच्याकडे न पाहता, रांगोळीकडे पाहत, मी सगळे सांगितले. पाळी, गोळ्या, चक्कर, तांदूळ. देवीच्या राशीतले तांदूळ मी उष्टे केले आहेत हेही सांगितले, कारण मला त्याच गोष्टीची सर्वांत जास्त भीती होती.

सासूबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचा हात इतका हलका झाला आहे, हे मला त्या दिवशी कळले.

"मले विचारलं काहून नाई तू?"

"विचारायचे काय होते, आई?"

"की अडचण आली तं कसं कराचं! आमच्या टाइमाले कोठं होत्या गोळ्या? प्रकाश पोटात राहाच्या आंधीच्या वर्षी ऐन आवाहनाच्या दिवशी मी बाजूले बसली. जावेनं मांडल्या महालक्ष्म्या. तिले तं धड पुरण बी वाटता येत नव्हतं, गिठ्या तश्याच! तरी त्या जेवल्या, हासत गेल्या, दुसऱ्या वर्षी परत आल्या. अन् पोरगा बी देल्ला." प्रकाश म्हणजे हे. ते कढीचे रिकामे भांडे घेऊन अजून तिथेच उभे होते. "अन् तांदळाचं काय सांगतेस? पोरीनं मायच्या डब्यातले खाल्ले, त्यात उष्टं कायचं आलं?"

मी त्यांच्या मांडीवर डोके ठेवून रडले. यांनी भांडे खाली ठेवले आणि आपले औषधांचे वेळापत्रक भिंतीवरून काढून आणले. त्याच्या उजव्या बाजूला पट्टीने एक नवी उभी रेघ ओढून त्यावर माझे नाव लिहिले. आम्हा दोघांत जिव्हाळ्याचे म्हणून जे काही बोलणे होते ते बहुधा अशाच रेघांनी होते.

इतक्यात फाटकाशी कुणी मोठमोठ्याने हाका मारू लागले. तिसऱ्या गल्लीतल्या मालाकाकू होत्या; त्यांच्याही घरी महालक्ष्म्या बसतात. धापा टाकीत आत आल्या आणि पाहुणीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्याच काय नर्सबाई?"

"हो, मीच. काहून?"

"काहून म्हंते! अवो, तुमचं पान आमच्याकडे मांडलं होतं!"

उलगडा होता होता सासूबाईंना हसण्याचा ठसका लागला. मालाकाकूंच्या सुनेचे बाळंतपण या नर्सबाईंनी केले होते. त्या आठवणीने मुलाने त्यांना फोनवरून सवाष्ण म्हणून बोलावले होते. सून माहेरी, मुलगा दुकानात, आणि मालाकाकूंनी नर्सबाईंना कधी पाहिलेले नव्हते. इकडे पुसदची खरी सविता बसमधून उतरून, दिसलेल्या पहिल्या पावलांवर पाय देत, तिसऱ्या गल्लीत शिरली होती; जेवण झाल्यावर तिने सासूबाईंचे नाव काढले तेव्हा कुठे मालाकाकूंच्या ध्यानात चूक आली.

"मंग ती कोठं हाये आमची सविता?" सासूबाईंनी विचारले.

"तिनं तं चार पुरणपोळ्या खाल्ल्या, आमच्या नातवाचं नाव बी सुचवलं, अन् आता पंख्याखाली झोपली हाये. घोरून राह्यली!"

सासूबाई इतक्या हसल्या की हे काळजीने त्यांच्या खुब्याकडे पाहू लागले. ज्येष्ठापासून त्या घरात तसे हसणे झाले नव्हते. नर्सबाई ओशाळून उठू लागल्या, तेव्हा सासूबाईंनी पदर धरून त्यांना बसवले. "बस माय. तू चुकली नाईस. पत्ता तुले मी नाई देल्ला, देणारी दुसरीच होती." एवढेच त्या म्हणाल्या. त्यावर कुणी वाद घातला नाही, आणि मीही येथे घालणार नाही.

त्या दुपारी मला खाटेवर झोपवण्यात आले. संध्याकाळच्या प्रसादाला मालाकाकू, जागी झालेली सविता आणि शेजारच्या चौघींनी पदर खोचले. भाज्यांत मीठ कमी आहे, की यांच्या पथ्याला हेच बरे, यावर त्यांचा स्वयंपाकघरात बराच काथ्याकूट चाललेला मला झोपेत ऐकू येत होता. मी उठून सांगायला गेले नाही. आयुष्यात प्रथमच गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाई कबूल केल्याप्रमाणे आल्या. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले आणि अहवालावरून नजर उचलून, तुम्ही इथपर्यंत चालत आलात का, असे विचारले. त्या गोळ्या त्यांच्या देखरेखीखाली बंद झाल्या. यवतमाळला सोनोग्राफी झाली. गर्भाशयात एक गाठ निघाली, सुदैवाने साधी. शिरेतून लोहाची इंजेक्शने, मग गोळ्या, आणि हिवाळ्यात गाठीची शस्त्रक्रिया. ज्या नागपूरला मी यांना घेऊन गेले होते, तेथे हे मला घेऊन गेले आणि दवाखान्याच्या उपाहारगृहातला चहा किती वाईट आहे हे मी त्यांना आधीच सांगून ठेवले. लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यायची, एवढे वैद्यक आमच्या घरात आता सासूबाईंनाही पाठ आहे. सकाळी त्या वॉकर घेऊन, हे हातातले घड्याळ पाहत आणि मी मोकळ्या हातांनी, असे तिघे कॉलनीच्या रस्त्याने फिरायला जातो. लोक बघतात. सासूबाई म्हणतात, "पाहू द्या. बँडबाजाच तेवढा नाई." जेवायला तिघे एकत्र बसतो. मुलीला मी आता खरे ते सांगते. दुखत असेल तर दुखते म्हणते. पहिल्यांदा तसे म्हटले तेव्हा ती फोनवर म्हणाली, "आई, आता मला तुझी काळजी कमी वाटते."

तांदूळ खाण्याची ओढ महिन्याभरात आपोआप गेली. पुष्कळदा मनात येते, त्या ओढीला मी पाप समजत होते आणि ती शरीराने मारलेली हाक होती. आपण देवीला भूक लागते असे मानतो, म्हणून तिच्यापुढे सोळा भाज्या मांडतो. तिने दिलेल्या या देहालाही भूक लागते, तोही थकतो, हे मला पटायला मात्र एका अनोळखी बाईला ताटावर हात आडवा धरावा लागला. शरणागती म्हणजे आपला देह झिजवून तिच्या पायाशी टाकणे, असे मी समजत होते. आता वाटते, कुणीतरी पाट टाकून बस म्हटले असता मुकाट्याने बसणे, ही शरणागती त्याहून अवघड असावी. पहिलीत थोडा अहंकार लपवायला जागा असते. दुसरीत ती नसते.

नर्सबाई, ज्यांना आता आम्ही सगळे ताईच म्हणतो, दर भाद्रपदात येतात. मालाकाकूंशी तह झाला आहे: आवाहनाच्या संध्याकाळी त्यांच्याकडे, मधल्या दिवशी आमच्याकडे.

गेल्या वर्षी मला आवाहनाच्या सकाळीच पाळी आली. शस्त्रक्रियेनंतर ती शहाण्यासारखी वागते, पण पंचांग पाहत नाही. मी सासूबाईंकडे गेले आणि स्पष्ट आवाजात म्हटले, "आई, मला अडचण आली आहे. यंदा माझ्याच्याने होणार नाही."

त्या पुण्याहून आलेल्या नातीला मुखवटे कसे पुसायचे ते शिकवीत होत्या. वरही न पाहता म्हणाल्या, "बरं केलं, सांगतलं. प्रकाश, हिची खुर्ची टाक दारात. तेथून बरोबर दिसन असं पाह्य."

त्यांचा नियम त्यांनी मोडला नाही. फक्त उंबरठ्यापर्यंत आणून ठेवला. मी त्या खुर्चीवर बसले. मुलीने देवीच्या साडीच्या निऱ्या तिरक्या घातल्या, यांनी मोजून मोजून त्या सरळ केल्या, आतून फुलोऱ्याच्या करंज्या करपल्याचा वास आला आणि त्यावरून आजी-नातीची जुंपली. कुणी माझ्या हातात दुधाचा पेला आणून दिला. मी दोन्ही देवींकडे पाहत बसले. पंचवीस-सव्वीस वर्षे मी त्यांचे सारे काही केले, पण त्यांच्याकडे निवांत पाहायला मला कधी सवड झाली नव्हती. धाकटीच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात एक अगदी बारीकसे हसू घडवलेले आहे. ते मला त्या दिवशी प्रथम दिसले.